आज पोट साफ झाले का?



जुलै महिन्याचा चौथा रविवार आपण आजी-आजोबा आणि वयोवृद्धांचा जागतिक दिन म्हणून पाळतो. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली तो सुरू केला. २६ जुलैला येशूच्या आजी-आजोबांचा, म्हणजे संत योआकिम आणि संत आन्ना यांचा सण असतो, त्याच्या जवळचा हा रविवार. त्या दिवशी आपली मंडळी मिस्सा संपल्यावर वृद्धाश्रमात जातात. केळी, बिस्किटांचे पुडे, टॉवेल, एखादी नवी साडी असे काहीबाही बरोबर असते. दोन-चार गीते होतात, रोझरी होते, चहा होतो आणि आपण समाधानाने घरी येतो.

हे सगळे चांगलेच आहे आणि ते चालू राहावे. पण गेली काही वर्षे अशा भेटींना जाताना माझे एक मत पक्के होत गेले आहे, ते आज लिहिते. आपण म्हाताऱ्या माणसाला ‘जेवलात का?’ असे विचारतो, ‘झोप लागते का?’ असेही विचारतो. ‘पोट साफ होते का?’ हे मात्र विचारत नाही. वृद्धाश्रमातल्या कित्येक जणांच्या दिवसाचे सुख-दुःख नेमके याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. हा प्रश्न रोज, प्रत्येकाला, अदबीने विचारला जावा आणि उत्तर वहीत लिहिले जावे. जिथे हे होत नाही तिथे सेवा अपुरी राहते, मग भिंती कितीही रंगवलेल्या असोत. आणि हा विषय फक्त नर्सबाईंचा नाही, आपल्या ख्रिस्ती मंडळीचाही आहे.

‘देवाधर्माच्या लिखाणात हा विषय कशाला?’ असे कोणाला वाटेल. त्यांनी मत्तयच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय किंवा मार्कचा सातवा अध्याय काढून पाहावा. माणूस कशाने अशुद्ध होतो हे शिकवताना प्रभू सरळ सांगतो की तोंडातून आत गेलेले अन्न पोटात जाते आणि पुढे शौचकूपात बाहेर टाकले जाते. त्याने ना आडवळण घेतले, ना लाजून विषय बदलला. ज्याने आपले शरीर धारण केले, त्याने आपले आतडेही धारण केले. शब्द देह झाला असे आपण मानतो, तर देहाचा अर्धाच भाग पवित्र आणि अर्धा बोलण्यालायक नाही, असे कसे म्हणता येईल? संत पौलानेही तिमथ्याला पत्र लिहिताना त्याच्या पोटाच्या तक्रारीची आठवण ठेवून सल्ला दिला आहे.

आता मुद्द्याकडे येऊ. मी डॉक्टर नाही, धर्मशिक्षण देणारी एक बाई आहे. पण या गोष्टी नर्स मंडळींना ठाऊक असतात तशा आपल्यालाही ठाऊक असाव्यात.

रोज शौचाला झालीच पाहिजे असा काही नियम नाही. कोणाला दिवसातून तीनदा होते, कोणाला आठवड्यातून तीनदा, आणि दोन्ही माणसे ठणठणीत असू शकतात. आठवड्यातून तीनदापेक्षा कमी होणे, मळ खड्यासारखा घट्ट होणे, फार कुंथावे लागणे, होऊनही पोट मोकळे न वाटणे ही बद्धकोष्ठाची लक्षणे. म्हणून प्रत्येकाची स्वतःची नेहमीची सवय काय होती, हे आश्रमात दाखल करून घेतानाच विचारून ठेवायला हवे. घरी पहाटे उठून गरम पाणी पिऊन परसाकडे जाणारा माणूस इथे आल्यावर सकाळी नऊपर्यंत खाटेवरच बसून राहत असेल, तर त्याचे पोट बिघडणारच.

म्हातारपणी बद्धकोष्ठ होतेच, असे आपण सहज बोलून जातो. पण निव्वळ वयामुळे ते होत नाही, त्याला कारणे असतात आणि त्यातली पुष्कळशी दूर करता येतात. हालचाल थांबलेली असते. दात गेल्यामुळे भाकरी, पालेभाजी, उसळ सुटलेली असते आणि मऊ भात, चहा, बिस्किटे यांवर दिवस निघत असतो. पाणी कमी प्यायले जाते. साखरेचा आजार, थायरॉइडचा मंदपणा, कंपवात, अर्धांगवायू यांनी आतड्यांची चाल मंदावते. आणि औषधे! रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, काही रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी आवरण्याच्या गोळ्या, ट्रॅमाडॉल आणि मॉर्फिनसारखी वेदनाशामके, काही झोपेची व मनाच्या आजाराची औषधे, या सगळ्यांनी मळ घट्ट होतो. एकाच माणसाला यातली चार-पाच औषधे चालू असतात आणि पोटाचे कोणी विचारत नाही. मॉर्फिन सुरू केले तर पोट साफ होण्याचे औषधही पहिल्या दिवसापासूनच द्यावे, असे जाणकार डॉक्टर सांगतात.

पाण्याबद्दल थोडे अधिक सांगते. एक निवृत्त शिक्षिका दुपारी चारनंतर पाण्याला हात लावत नसत. कारण विचारले तर म्हणाल्या, “रात्री उठायचे झाले तर मावशींना उठवावे लागते. त्या बिचाऱ्या दिवसभर राबलेल्या असतात.” त्यांच्या या बोलण्यात दुसऱ्याबद्दलची काळजी आहे आणि आपण ओझे झालो आहोत हे दुःखही आहे. ‘आजी, पाणी जास्त प्या’ हा उपदेश अशा बाईला काय कामाचा? रात्री बोलावल्यावर न चिडता येणारे माणूस आहे, खाटेजवळ घंटी आहे, संडासपर्यंतच्या वाटेवर दिवा आहे, एवढे तिला दिसू द्या. मग ती आपणच पाणी पिईल.

दुर्लक्ष झाले तर काय होते, हेही ठाऊक असावे. मळ आत सुकत जातो आणि गुदाशयात त्याचा घट्ट गोळा बसतो. पोट फुगते, भूक जाते, मळमळते. लघवी अडते. जोरात कुंथताना चक्कर येऊन माणूस संडासात पडतो, आणि त्या वयात मांडीचे हाड मोडले की पुष्कळांना पुन्हा धड चालता येत नाही. स्मृतिभ्रंश झालेला माणूस तर ‘पोट दुखते’ हेही सांगू शकत नाही. तो ओरडतो, ताट ढकलतो, रात्रभर येरझाऱ्या घालतो, सारखा कपड्यांशी चाळा करतो. मग ‘आजोबा हल्ली फार त्रास देतात’ असे म्हटले जाते आणि झोपेची गोळी दिली जाते. त्या गोळीने बद्धकोष्ठ आणखी वाढू शकते.

सर्वांत फसवी गोष्ट पुढे आहे. घट्ट गोळा अडकला की त्याच्या कडेने पातळ मळ पाझरू लागतो, चादर पुन्हा पुन्हा खराब होते. बघणाऱ्याला वाटते जुलाब लागले. मग जुलाब थांबवायची गोळी दिली जाते आणि चालू असलेले पोट साफ करायचे औषध बंद होते. मुळात अडलेल्या माणसाला आपण आणखी अडवतो. आधीचे सात-आठ दिवस वहीत नोंदलेले असतील, तर नर्सच्या लगेच लक्षात येते की याला धड शौचाला झालेलीच नाही, हे जुलाब नव्हेत. वही नसेल तर अंदाजावर काम चालते. दिवसपाळीच्या मावशींना वाटते रात्री झाली असेल, रात्रपाळीच्या मावशींना वाटते दिवसा झाली असेल, आणि असे पाच दिवस निघून जातात.

म्हणून वही हवी. नुसती ‘झाली’ अशी खूण करणारी वही पुरत नाही. कोणत्या दिवशी, किती वाजता, किती, कशी झाली, त्रास झाला का, आणि झाली नसेल तर काय केले, एवढे तरी त्यात असावे. ‘कशी’ हे सांगण्यासाठी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या डॉक्टरांनी केलेला एक साधा तक्ता आहे, १९९७ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात चित्रांसह सात प्रकार आहेत. पहिला शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे कडक खडे, दुसरा खड्यांचा मिळून झालेला कडक लांबट गोळा, तिसरा आणि चौथा नीट, पाचव्यापासून सैल होत होत सातवा निव्वळ पाणी. अक्षरओळख कमी असलेली मावशीसुद्धा चित्र पाहून आकडा लिहू शकते. भिंतीवर एक कागद चिकटवायचा एवढेच काम. दोन दिवस झाली नाही तर नर्सला कळवायचे, तिसऱ्या दिवशी काहीतरी करायचेच, हा आडाखा अनेक ठिकाणी पाळतात. ज्याची नेहमीची सवय वेगळी, त्याचा आडाखा वेगळा.

पण लिहिणे आणि विचारणे यांत माणसाची अब्रू सांभाळली पाहिजे. दहा खाटांच्या हॉलमध्ये दारातून ‘आजी, संडास झाली काय?’ असे ओरडणे म्हणजे चौकशी नव्हे, ती विटंबना आहे. जवळ जावे, हलक्या आवाजात विचारावे. वही खाटेला टांगू नये. संडासाला कडी असावी, ती बाहेरून उघडता येणारी असली म्हणजे झाले. खाटेवरच भांडे द्यावे लागले तर पडदा ओढावा. बाईला बाईनेच मदत करावी. चालवत नेता येणाऱ्याला केवळ आपली सोय म्हणून डायपर लावून ‘त्यातच करा’ म्हणू नये. आयुष्यभर संडासात बसलेल्या माणसाला कपड्यात करायला सांगितले तर तो रोखून धरतो, आणि रोखून धरण्यानेच मळ आणखी सुकतो. पित्याला आणि मातेला मान द्या, या आज्ञेत कडीही येते आणि पडदाही येतो.

औषधाच्या आधीचे उपाय साधे आहेत. सकाळी काही खाल्ल्या-प्यायल्यावर आतड्यांना आपोआप चालना मिळते. म्हणून न्याहारीनंतर अर्ध्या तासाच्या आत प्रत्येकाला संडासला नेऊन निवांत बसू द्यावे, घाई करू नये. कमोडवर बसणाऱ्याचे पाय लोंबकळत ठेवू नयेत. पायाखाली छोटे स्टूल दिले की गुडघे वर येतात, माणूस थोडा पुढे वाकतो आणि आपल्या जुन्या उकिडव्या बसण्यासारखी स्थिती होते. धरायला भिंतीत दांडी हवी. दात नसले तरी पालेभाजी बारीक चिरून, मऊ शिजवून देता येते. पपई देता येते, भिजवलेले मनुके कुस्करून देता येतात. भाकरी आमटीत कुस्करून दिली तर पुष्कळ जण आवडीने खातात. दिवसातून सहा-आठ भांडी पाणी, ताक, सार, पेज असे मिळून पोटात जावे. मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांचे पाणी डॉक्टरांनी मोजून दिले आहे, त्यांना डॉक्टर सांगतील तेवढेच. आणि चालणे हवे, निदान खुर्चीपर्यंत तरी.

एवढ्याने भागले नाही तर औषध लागते, त्यात कमीपणा नाही. पण ते नर्सच्या आणि डॉक्टरांच्या हातून. इसबगोल निरुपद्रवी वाटतो, पण तो भरपूर पाण्याबरोबर घेतला नाही तर आतच फुगून अडकू शकतो. खाटेला खिळलेल्या, पाणी कमी पिणाऱ्या किंवा गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला तो आपल्या मनाने देऊ नये. लॅक्ट्युलोजच्या पातळ औषधाला काम करायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून सकाळी देऊन संध्याकाळी ‘गुण आला नाही’ म्हणू नये. सोनामुखीची किंवा बिसाकोडिलची गोळी रात्री देतात ती सकाळी काम करते. साबणाच्या पाण्याचा एनिमा आतड्याच्या अस्तराला इजा करतो. फॉस्फेटचा तयार एनिमा मूत्रपिंड कमजोर असलेल्या वृद्धांना धोक्याचा ठरू शकतो. आणि मळात रक्त दिसले, वजन उतरू लागले, पोट फुगून उलट्या सुरू झाल्या, वायूसुद्धा सरेना, किंवा वर्षानुवर्षांची सवय एकाएकी बदलली, तर घरगुती उपाय करत बसू नये, डॉक्टरांना गाठावे.

याला काही जण हरकत घेतात. पहिली हरकत अशी की आश्रमात माणसे कमी, वहीत कोण लिहीत बसणार? हरकत खरी आहे. तीस जणांमागे दोन मावशी असतील तर त्या काय काय करतील? पण अडलेला गोळा काढायला, पुन्हा पुन्हा चादरी धुवायला, पडलेल्या माणसाला इस्पितळात न्यायला जो वेळ जातो, तो वहीत चार आकडे लिहिण्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. दुसरी हरकत अशी की सगळ्यांनाच रोज रात्री चमचाभर चूर्ण द्यावे, कटकट नको. पण ज्याला गरज नाही त्याला त्याने हगवण लागते, शरीरातले पाणी आणि क्षार जातात, तो रात्री धावताना पडतो. सगळ्यांना एकच माप लावणे ही शिस्त दिसते, पण ती माणसाकडे न पाहण्याचीच एक रीत आहे. मेंढपाळ प्रत्येक मेंढराला नावाने हाक मारतो असे प्रभूने सांगितले, ते कशासाठी?

तिसरी हरकत कोणी मोठ्याने बोलत नाही, पण ती आपल्या मनात असते: हे घाण काम आहे, ते करणारी माणसे वेगळी. ख्रिस्ती माणसाच्या मनात या विचाराला जागा नसावी. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू उठला, कमरेला रुमाल गुंडाळला आणि त्याने शिष्यांचे पाय धुतले. ते त्या काळी गुलामाचे काम होते. पेत्राला लाज वाटली, त्याने पाय मागे घेतले. सेवा करून घ्यायलाही नम्रता लागते, हे पेत्राला त्या रात्री शिकावे लागले. याच पेत्राला प्रभूने पुढे सांगितले की तू म्हातारा होशील तेव्हा हात पसरशील आणि दुसराच कोणी तुझी कंबर बांधील. ते त्याच्या मरणाबद्दल होते. पण वृद्धाश्रमातल्या प्रत्येक खाटेवर ते शब्द रोज सकाळी अगदी साधेपणाने खरे होतात. कोणीतरी दुसराच कपडे नेसवतो, कोणीतरी दुसराच धुतो.

फ्रान्समध्ये जान जुगाँ नावाची एक मोलकरीण होती. १८३९ च्या हिवाळ्यात तिने एका आंधळ्या, लुळ्या म्हातारीला घरी आणले आणि आपले अंथरूण तिला दिले. त्यातूनच लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर हा संघ उभा राहिला. भारतातही त्यांचे आश्रम आहेत, आपल्या हैदराबादकर वाचकांना सिकंदराबादचा माहीत असेल. २००९ साली ख्रिस्तसभेने तिला संत म्हणून जाहीर केले. अंथरूण दिले ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. पण लुळ्या माणसाला अंथरूण दिले की दुसऱ्या दिवसापासून ते धुवावेही लागते. संत जानने म्हातारीबरोबर ते कामही पत्करले होते.

तर मग आपण काय करावे? पुढच्या भेटीला बिस्किटांचे पुडे कमी न्या, पपई जास्त न्या. जाण्याआधी आश्रमातल्या सिस्टरना किंवा व्यवस्थापकांना फोन करून विचारा की संडासात दांड्या आहेत का, पायाखालची स्टुले हवीत का, पडदे पुरतात का. एका धर्मग्रामाला सणाच्या एका दिवसाच्या खर्चात हे सहज परवडते. त्याहून मोठी मदत म्हणजे रात्रपाळीला आणखी एक मावशी ठेवता यावी म्हणून तिच्या पगाराचा वाटा दर महिन्याला उचलणे. तरुणांच्या गटाने दोन तास गीते गाण्याऐवजी एक तास गावीत आणि एक तास आजी-आजोबांना हाताला धरून अंगणात फिरवावे. ज्यांचे आई-वडील आश्रमात आहेत त्यांनी फोनवर ‘पैसे पोचले का’ याबरोबर ‘या आठवड्यात पोट कसे होते’ हेही विचारावे आणि वही पाहायला मागावी. चिडून नव्हे, आपुलकीने. कोणी पाहणार आहे हे कळले की वही नीट लिहिली जाते. आणि मावशींना, मामांना नाव घेऊन हाक मारा, सणाच्या दिवशी भेटवस्तूंच्या यादीत त्यांचेही नाव असू द्या. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातला राजा त्यांना ओळखेल यात मला शंका नाही.

आपण प्रार्थना करू या:

हे प्रभू येशू, तू आमचे शरीर घेतलेस आणि त्याची कशाचीही लाज मानली नाहीस. जे आता स्वतः उठू शकत नाहीत, सांगू शकत नाहीत, संकोचाने गप्प राहतात, त्यांच्या जवळ ऐकणारे कान पाठव. त्यांची सेवा करणाऱ्या हातांना बळ दे, पुरेशी झोप दे आणि योग्य मोबदला मिळू दे. आमच्या वृद्धांना आजचा दिवस दुखण्यावाचून जाऊ दे, आणि उद्या आमची पाळी येईल तेव्हा आम्हांलाही कोणीतरी हळू आवाजात विचारणारे असू दे. आमेन.